सोड : एका गाण्याच्या प्रकल्प नोंदी

७ जानेवारी

आजपासून हे गाणं रीतसर हातात घेतलं. विषय कित्येक वर्षं डोक्यात घोळतोय: ज्या नात्यात माणूस झिजत जातो आणि तरी तिथून त्याचा पाय निघत नाही, त्या नात्याची ओढ. दुखण्यावर गाणी भरपूर आहेत. ती ऐकताना मनात एकच येतं, एवढं वाईट होतं तर ही तिथे राहिली कशाला? गाण्यानं याचं उत्तर दिलं नाही तर ऐकणारा ते स्वतःच देतो, आणि बहुतेक वेळा ते उत्तर 'मूर्ख होती' असंच असतं. मी साडेतीन वर्षं राहिले होते. मूर्ख नव्हते.

सध्या ठरलंय ते एवढंच: चार मिनिटं. एक आवाज, पेटी, तबला, तानपुरा. मार्चअखेर मिक्स तयार हवं.

९ जानेवारी

पहिला खर्डा केला. सोळा ओळी झाल्या आणि सोळाही तक्रारीच्या. तू असं बोललास, तू तसं वागलास. संध्याकाळी मोठ्यानं वाचून पाहिल्या तर अर्जासारख्या वाटल्या. अर्ज खरा असतो, पण तो गाता येत नाही. यात तो माणूस एकदाही गोड वागत नाही, म्हणून ती का थांबली ते कळत नाही, आणि म्हणूनच तिचं दुखणंही पोचत नाही. सगळा काढून टाकला.

१२ जानेवारी

जुनी वही शोधून काढली. त्या काळात मी रोजच्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलनं ठिपका देत असे. दिवस चांगला गेला तर ठिपका, नाहीतर काही नाही. 'वाईट' असं कुठेही लिहिलेलं नाही. तेवढी हिंमत नव्हती, आणि वही त्याच्या हाती लागली तर, हीही भीती होती. ठिपक्याबद्दल कोणी विचारलं असतं तर पेन टेकला म्हणून सांगता आलं असतं.

एका महिन्यात ठिपके चारच: ३, ४, १७, २९. तीन तारखेचा अगदी हलका आहे. एकोणतीस तारखेचा इतका दाबून दिलाय की मागच्या पानावर त्याचा उंचवटा बोटाला लागतो.

त्या उंचवट्यावर बराच वेळ बोट फिरवत बसले. तीनला बारीक ठिपका आणि एकोणतीसला कागद फाटेल इतका जोर, यामागे दिवस जास्त चांगला असणं नाही. अकरा दिवस कोरडे गेले होते, एवढंच. एकोणतीसला तो फक्त माझ्याशेजारी बसून दहा मिनिटं सरळ बोलला होता.

गाण्याचा आराखडा या चार ठिपक्यांवरच बेतायचा.

१३ जानेवारी

कालच्या ठिपक्यांमागचं तत्त्व प्रयोगशाळेत कधीच मांडून झालंय. फर्स्टर आणि स्किनर यांनी कबुतरांवरच्या प्रयोगांचं जाडजूड पुस्तक १९५७ साली छापलं. चोच मारली की दर वेळी दाणा मिळत असेल, तर दाणा बंद झाल्यावर कबुतर लवकरच नाद सोडतं. दाणा कधी मिळेल याचा नेमच नसेल, तर दाणा पूर्ण थांबल्यावरही ते कितीतरी वेळ चोच मारत राहतं. डटन आणि पेंटर या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९८१ साली हेच नात्यांबद्दल मांडलं. छळ होणाऱ्या नात्यातली घट्ट बांधीलकी दोन गोष्टींतून तयार होते: दोघांतल्या एकाच्या हातात जास्त सत्ता असणं, आणि चांगली-वाईट वागणूक अधूनमधून, नेम न ठेवता मिळत राहणं.

मला हे वाचून एका बाजूनं फार हलकं वाटलं होतं. ओढ एवढी आहे म्हणजे प्रेमही तेवढंच मोठं असणार, हा माझा त्या वेळचा हिशोब होता. ओढ मोठी होती ती नेम नसल्यामुळे.

पण हे गाण्यात सांगायचं नाही. ऐकणाऱ्याला ते करून दाखवायचं. मुखडा हा गाण्यातला दाणा. तो कधी येणार, हे माझ्या हातात आहे.

१६ जानेवारी

ताल ठरला: रूपक. सात मात्रा, ती ती ना, धी ना, धी ना. बहुतेक तालांत समेवर, म्हणजे तालाच्या फेऱ्याच्या (आवर्तनाच्या) पहिल्या मात्रेवर, डग्गा घुमतो आणि घरी आल्यासारखं वाटतं. रूपकात समच खाली, म्हणजे बिनघुमाऱ्याची, असते. सगळं आवर्तन जिथे पोचायचं म्हणून धावतं तिथे पोचल्यावर खाली जमीन नसते, आणि घुमारा येतो तो चौथ्या मात्रेवर. या गाण्याला याहून योग्य ताल मला सुचत नाही.

लय मिनिटाला ८४ मात्रा. म्हणजे एक आवर्तन बरोबर ५ सेकंदांचं आणि चार मिनिटांत ४८ आवर्तनं.

२० जानेवारी

मुखडा सापडला.

त्या घरात मी दाराच्या किल्लीचा आवाज ओळखायला शिकले होते. किल्ली एका दमात आत जाऊन हळू फिरली तर संध्याकाळ बरी. दोनदा चुकून मग झटक्यात फिरली तर हातातलं काम ठेवून आधी चेहरा नीट करायचा. हे मी कोणाकडून शिकले नव्हते, कानच शिकले. त्यावरून:

किल्ली फिरते हळू,
म्हणजे आज तू गोड.
कालचं काल राहू दे,
मन म्हणतं, सोड.

'सोड' हा शब्द हाती लागला आणि उठून खोलीभर फिरून आले. 'जाऊ दे, सोड ना' असं मी स्वतःला रोज म्हणत होते, म्हणजे कालचं विसर. मैत्रिणी 'सोड त्याला' म्हणायच्या, म्हणजे नीघ तिथून. शब्द तोच. मला इतकी वर्षं तो एकाच अर्थानं ऐकू येत होता. मुखडा दर वेळी परत येणार, शब्द बदलणार नाही, आणि शेवटच्या वेळी दुसरा अर्थ वर येईल. झालं तर हेच गाणं आहे.

यमकाला 'ओढ'ही मागे उभा आहे, पण ड आणि ढ. कोणी कान पकडेल. शिवाय 'ओढ' हा शब्द गाण्यात उच्चारायचाच नाही असं ठरवलंय.

२१ जानेवारी

पहिला अंतरा:

पावलांची चाल ओळखते,
श्वासाचा रंग ओळखते,
तुझ्या एका हसण्यावर
आठवडा मी काढते.

शेवटच्या दोन ओळी न खोडता आल्या. पहिल्या दोन अकरा वेळा लिहिल्या.

अष्टनायिका आठवल्या. भरताच्या नाट्यशास्त्रातल्या आठ जणींत वाट बघणारी आहे, फसवली गेलेली आहे, सवतीच्या खुणा पाहून रागावलेली खंडिता आहे, आणि भांडून त्याला घालवून दिल्यावर पस्तावणारी कलहांतरिता आहे. कलहांतरिता माझ्या सर्वांत जवळची. पण घाबरलेली त्यांच्यात एकही नाही. किल्लीच्या आवाजावरून चेहरा बदलणारी नववी कोणी नाही. विरहाच्या भाषेत आपल्याकडे इतकं सुंदर लिहिलं गेलंय की भीतीसुद्धा आपण विरह म्हणूनच गातो. मी ते कित्येक वर्षं केलं. तो बाहेर असताना मन लागत नाही, म्हणजे आठवण येते, असं समजायचे. पोटात गोळा यायचा तो तो परत येण्याचा.

२६ जानेवारी

राग ठरवायला पेटीवाले काका आले होते. मी बागेश्रीत चाल बांधली होती. त्यांनी दोनदा वाजवली आणि म्हणाले, "चांगलीय. पण अगं, ही वाट बघणारी झाली. तुझी तर कुठे टेकतच नाहीये."

मग त्यांनी मारवा धरला. मारव्यात पंचम (प) वर्ज्य, रिषभ कोमल, मध्यम तीव्र, आणि वजन रिषभ-धैवतावर. षड्ज (सा) असतो, पण गाणारा त्याला टाळत टाळत फिरतो. सा आता येईल, आता येईल असं वाटत राहतं आणि सूर बाजूनं निघून जातो. पंचम नाही म्हणून तानपुराही निषादात लावायचा, म्हणजे पायाखालचा नेहमीचा आधारही नाही. काकांनी मुखडा त्यात म्हणून दाखवला आणि 'सोड' कोमल रिषभावर ठेवून सोडला. सा अर्ध्या सुरावर होता. गेलेच नाहीत तिथे.

मी काही बोलले नाही. त्यांनीच पेटी बंद केली आणि विचारलं, "हे तुझ्यावरचं आहे का गं?" मी हो म्हटलं. पुढे त्यांनी काही विचारलं नाही, चाल लिहून घेतली.

२ फेब्रुवारी

दुसरा अंतरा. समोरच्याचं म्हणणं ऐकून आपल्याच डोळ्यांवरचा विश्वास उडतो, त्याला हल्ली 'गॅसलाइटिंग' म्हणतात. हा शब्द पॅट्रिक हॅमिल्टनच्या १९३८ सालच्या नाटकातून आला. नवरा वरच्या मजल्यावर चोरून दिवे लावतो, त्यानं खालचे गॅसचे दिवे मंद होतात, आणि बायकोला तो पटवत राहतो की तिचंच डोकं ठिकाणावर नाही. शब्द गाण्यात घालण्यासारखा नाही, पण दिवा आहे:

दिवा मंद झाला म्हणाले,
तू म्हणालास, डोळे तुझे.
दिवा सोडून पुसत बसले
रात्रभर मी डोळे माझे.

'दिवा सोडून' मध्ये 'सोड' आपोआप आलाय. मुद्दाम आणला असता तर काढला असता.

३ फेब्रुवारी

तिसऱ्या अंतऱ्यापाशी अडले. इथे त्याचं चांगलं वागणं यायला हवं, खरोखरचं. ढोंगी चांगुलपणा लिहिणं सोपं आहे, पण त्यानं गाणं पुन्हा अर्ज होईल. आणि ते ढोंग नव्हतं. मला एकदा दोन दिवस ताप होता तेव्हा तो रात्रभर उशाशी बसला होता. पहाटे जाग आली तर बसल्या बसल्या झोपलेला, आणि हात माझ्या कपाळावरून घसरून उशीवर आलेला, तळवा वर. तो तळवा मला आजही दिसतो. नंतरच्या दोन वर्षांत मी त्या तळव्यासाठी काय काय पोटात घातलं, त्याची यादी करणार नाही.

४ फेब्रुवारी

ताप होता त्या रात्री
कपाळावर हात तुझा.
दार आपटून गेला तोही
हात तुझा, हात तुझा.

बदल करणार नाही.

११ फेब्रुवारी

आराखडा, चार ठिपक्यांप्रमाणे. आवर्तन १ ते ४ नुसता तानपुरा आणि पेटी. ५ ते ८ मुखडा, आणि लगेच ९-१० ला त्याचाच अर्धा तुकडा पुन्हा, न मागता मिळालेला (तीन आणि चार तारीख). ११ ते १६ पहिला अंतरा. १७ ते २० मुखडा. इथपर्यंत ऐकणाऱ्याला वाटतं, कळली रचना. मग २१ ते २६ दुसरा अंतरा आणि मुखडा येतच नाही. पेटी. तिसरा अंतरा. पुन्हा मुखडा नाही, ३६ ते ३९ नुसता तबला. ४० ला 'किल्ली फिरते' एवढंच येऊन थांबतं. मुखडा परत येतो तो थेट ४४ व्या आवर्तनाला. म्हणजे १ मिनिट ४० सेकंदांपासून ३ मिनिटं ३५ सेकंदांपर्यंत, जवळजवळ दोन मिनिटं, काही नाही.

गाण्यात दोन मिनिटं फार मोठी असतात. पण वाट पाहण्यात स्वतःची एक गोडी असते आणि तीच मला हवी आहे. माँट्रियलच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की आवडत्या गाण्यातली ती खास जागा ऐकताना मेंदूच्या एका भागात डोपामिन सुटतं, आणि ती जागा यायच्या आधी, नुसत्या चाहुलीनं, वेगळ्याच भागात ते सुटायला लागलेलं असतं. किल्लीचा आवाज म्हणजे चाहूलच की.

१५ फेब्रुवारी

स्क्रॅच, म्हणजे कच्चं, रेकॉर्डिंग. गायिका वयानं लहान, पट्टी काळी चार. आवाजात जरा खर आहे आणि तीच मला आवडते. दुपारभर एकच अडचण: ती गंधारावर रेंगाळते. मारवा आणि पुरिया यांचे स्वर तेच, पण पुरियाचं वजन गंधार-निषादावर. ती गंधारावर टेकली की गाणं शांत, खोल, समजूतदार होतं. ऐकायला छान, पण या बाईला समजूतदारपणा अजून परवडत नाही.

"ताई, तिथे बरं वाटतं हो थांबायला," ती म्हणाली.
"म्हणूनच थांबायचं नाही गं."

सहाव्या टेकला जमलं. 'आठवडा मी काढते' म्हणताना तिनं श्वास ओळीच्या मध्येच घेतला, चुकून. तो श्वास ठेवलाय. तेवढाच टेक चालेल.

१८ फेब्रुवारी

किल्लीचा आवाज ध्वनिमुद्रित करावा असं मनात होतं. माइक कुलपापासून वीतभर अंतरावर लावला, हेडफोन घातला आणि दाराच्या बाहेर उभी राहून किल्ली घातली. हेडफोनमध्ये तो आवाज फार जवळून येतो: आधी टोकाचं खरखरणं, मग दाते एकेक करून बसल्याचे बारीक टिकटिक, मग जड फिरणं. दहा टेक ठरवले होते. चौथ्यानंतर लक्षात आलं की माझे खांदे कानांपर्यंत वर गेलेत आणि खाली येत नाहीत. किल्ली माझ्याच हातात, घर माझंच, आत कोणी नाही. तरी.

माइक काढून ठेवला. चार टेक जपून ठेवलेत.

१९ फेब्रुवारी

किल्लीचा आवाज वापरणार नाही. ज्यांचे कान माझ्यासारखे तयार झालेत त्यांना तो गाण्यात न विचारता ऐकावा लागेल. शब्द पुरेसा आहे. शब्दापुढे निदान डोळे मिटून घेता येतात.

२४ फेब्रुवारी

पहिला जोडलेला डेमो तयार झाला आणि एका मैत्रिणीला ऐकवला. ती आठ महिन्यांपूर्वी तशाच एका नात्यातून बाहेर पडली आहे. डोळे पुसत म्हणाली, "फार सुंदर झालंय. ऐकताना त्याला मेसेज करावासा वाटला."

रात्रभर झोप नाही.

२६ फेब्रुवारी

दोन दिवस हाच विचार. ओढ खरी लिहायची म्हटलं होतं, ती इतकी खरी झाली की बाहेर पडलेलीला परत नेऊ लागली. मग मी काय केलं?

या वाटेवर माझ्या आधी ठेचकाळलेले आहेत. 'एव्हरी ब्रेथ यू टेक' १९८३ साली अमेरिकेत आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. शब्द पाहिले तर एका माणसावर सतत नजर ठेवणाऱ्याचं गाणं आहे, आणि चाल प्रेमगीतांत हजार वेळा वापरलेल्या, कानाला सुखावणाऱ्या स्वरमेळांची. लोक ते लग्नात वाजवतात. लिहिणाऱ्या स्टिंगनं ते गाणं प्रेमळ नाही हे पुढे वारंवार सांगितलं, पण चालीनं सांगितलेलं शब्दांना पुसता येत नाही.

त्याच्याही आधी, १९६२ सालचं, क्रिस्टल्स या गटानं गायलेलं गाणं. त्यानं मारलं आणि मला ते चुंबनासारखं वाटलं, असं सांगणारं. गॉफिन आणि किंग या जोडप्यानं ते लिहिलं ते त्यांच्या मुलीला सांभाळणाऱ्या मुलीचं बोलणं ऐकून: तो मारतो ते प्रेमापोटी, असं ती खरंच म्हणत होती. लोकांनी विरोध केला, गाणं मागे घ्यावं लागलं, आणि कॅरोल किंगनं पुढे ते लिहिल्याबद्दल खेद बोलून दाखवला. मला त्या मुलीचं वाक्य खोटं वाटत नाही. मी स्वतः याहून वाईट वाक्यं बोलले आहे. पण त्या गाण्यात दुसरं कोणीच नाही. ती आत आहे, ऐकणाराही आतच अडकतो, आणि दार कुठे आहे ते कोणालाच माहीत नाही.

माझ्या डेमोतही दार नाही. शब्दात 'सोड' आहे, पण सूर तिथेच फिरतोय.

१ मार्च

शेवटावर काम. पहिला प्रयत्न: शेवटचा मुखडा 'मन म्हणतं' वर तोडला, 'सोड' म्हटलाच नाही. खूप परिणामकारक वाटलं. मैत्रिणीला फोनवर ऐकवलं. तिनं परत लावायला सांगितलं, मग परत, आणि पाच वेळा ऐकलं.

तिथे माझ्या लक्षात आलं. अर्धवट सोडलेला सूर कान पुरा करू पाहतो, पुरा होत नाही, म्हणून परत पहिल्यापासून लावतो. हाच तो फेरा. ऐकणाऱ्याला मी माझ्या त्या घरात कोंडत होते आणि त्याला परिणाम म्हणत होते. तोडलेला शेवट रद्द.

५ मार्च

शेवटी सा द्यायचा. पूर्ण, सरळ, मुरकी न घेता. आणि त्याच्या आधी पंचम.

काकांना सांगितलं तेव्हा त्यांचा हात भात्यावरच थांबला. "मारव्यात पंचम? मग मारवा कशाला म्हणायचं?"
"शेवटच्या पाच आवर्तनांत नका म्हणू, काका. ती तिथे नाहीये आता."

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी सा आणि पंचम दोन्ही धरले आणि भाता हळूहळू दाबत राहिले. साडेतीन मिनिटं तो निषादाचा तानपुरा ऐकून झाल्यावर ते दोन सूर कानावर आले तेव्हा खोलीत कोणीतरी खिडकी उघडल्यासारखं झालं. आनंद नव्हता त्यात. मोकळी हवा होती नुसती.

"मग एक कर," काका म्हणाले. "त्याआधी पंचम एकदाही लागता कामा नये. कणसुद्धा नको. नाहीतर शेवटचा काही कामाचा नाही."

६ मार्च

सगळे ट्रॅक एकेक करून तपासले. २८ व्या आवर्तनात पेटीच्या तुकड्यात तीव्र मध्यमावरून धैवताला जाताना पंचमाचा स्पर्श सापडला, पापणी लवण्याइतका. काकांनी तुकडा पुन्हा वाजवून दिला. स्वतःची चूक दाखवल्याचा राग नाही, उलट दोनदा विचारलं, "आणखी कुठे आहे का बघ."

शेवटच्या मुखड्याचे शब्दही बदलले:

किल्ली माझ्या हातात,
कालचं सगळं आठवतंय.
आठवू दे, आठवू दे,
मन म्हणतं, सोड.

यात 'गोड' नाही आणि म्हणून यमकही नाही. कान 'गोड' शोधतो, तो मिळत नाही, आणि 'सोड' एकटाच उभा राहतो. गायिकेनं विचारलं, "ताई, यमक राहिलं का?" नाही राहिलं, तिनं सोडलं.

१२ मार्च

अंतिम आवाज ध्वनिमुद्रित करायला बसलो. शेवटच्या 'सोड'वर गायिका आवाज चढवत होती, छाती भरून, जिंकल्यासारखा. चार टेक तसेच गेले. मी तिला आत बोलावून डटन आणि पेंटर यांच्याच १९९३ सालच्या अभ्यासाबद्दल सांगितलं. त्यांनी नात्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या ७५ बायकांशी बोलून सहा महिन्यांनी पुन्हा पाहिलं, तेव्हा त्या माणसाबद्दलची ओढ साधारण २७ टक्क्यांनीच कमी झाली होती. म्हणजे दार ओढून घेतलं त्या दिवशी ती जवळपास सगळी तशीच असते.

"म्हणजे तिला अजून जावंसं वाटतंय?"
"वाटतंय. रोज वाटतंय."
"आणि तरी म्हणते सोड."
"हो."

ती परत आत गेली. पाचवा टेक. सा खालच्या आवाजात, जरासा थकलेला, पण सुरात. ती गाऊन झाल्यावर हेडफोन काढायची विसरली आणि आवाज रेकॉर्ड होत राहिला, अकरा सेकंद नुसता तानपुरा. ते अकरा सेकंदही ठेवतेय. चार मिनिटांचं गाणं चार मिनिटं अकरा सेकंदांचं झालं.

१९ मार्च

मिक्स. पहिल्या मुखड्यावर रिव्हर्ब (खोलीची घुमारी) जवळजवळ नाही, आवाज कानाशी कुजबुजल्यासारखा, कारण गोड वागणं नेहमी फार जवळून येतं. अंतऱ्यांमध्ये खोली हळूहळू मोठी आणि रिकामी होत जाते. आज दुसऱ्या अंतऱ्यात मागची पेटी दर आवर्तनाला थोडी थोडी खाली आणली, एकदम कळणार नाही अशी. तबलावादक मित्राला वाटलं त्याच्या हेडफोनमध्ये बिघाड आहे. दिवा मंद होतोय तो असा, त्याला सांगितलं.

कॉम्प्रेशन, म्हणजे लहान-मोठे आवाज एका पातळीला आणणं, कमी केलं. श्वास आणि 'सोड' एकाच उंचीवर येत होते.

२३ मार्च

मैत्रिणीला आज प्रत्यक्ष बोलावून पूर्ण मिक्स ऐकवलं. मी तिच्याकडे बघत नव्हते, पडद्यावरच्या आवर्तनांकडे बघत होते. ३६ व्या आवर्तनात, नुसता तबला असताना, तिनं खुर्चीचा हात धरला. ४० ला 'किल्ली फिरते' येऊन थांबलं तेव्हा ती पुढे झुकली. ४४ ला पंचम आला तेव्हा काही बोलली नाही. सा लागला. अकरा सेकंद तानपुरा.

मी विचारलं, परत लावू का?

ती म्हणाली, "नको. आत्ता नको." मग पर्स उघडली, फोन काढला. माझ्या पोटात धस्स झालं. तिनं तो बंद केला, परत आत ठेवला, आणि विचारलं, "पेटी कोणी वाजवलीय?"

२८ मार्च

अंतिम फाइल तयार. काकांना आणि गायिकेला पाठवली. किल्लीचे चार टेक डिस्कवरून पुसले. वही मात्र ठेवली आहे, एकोणतीस तारखेच्या पानात ४४ व्या आवर्तनाचं नोटेशन दुमडून.